उभा अक्ष कोणी ठरवायचा?

राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०२२ मध्ये ९६.९४ टक्के लागला, २०२३ मध्ये ९३.८३, २०२४ मध्ये ९५.८१ आणि २०२५ मध्ये ९४.१०. हे चार आकडे प्रेझेंटेशनच्या स्लाइडवर स्तंभालेखात मांडून पाहा. उभा अक्ष शून्यापासून घेतला, तर चारही स्तंभ जवळपास एकाच उंचीचे दिसतात आणि बघणारा म्हणतो, सगळे आलबेल आहे. तोच अक्ष ९३ पासून घेतला, तर २०२२ चा स्तंभ २०२३ च्या पावणेपाच पट उंच होतो आणि निकाल कोसळल्याची हाकाटी करता येते. आकड्यांत काडीचाही फरक पडलेला नसतो. असे करायला लबाड माणूसच लागतो असेही नाही. पॉवरपॉइंटमध्ये अक्षाची किमान मर्यादा ‘ऑटो’वर सोडली आणि आकडे एकमेकांच्या अगदी जवळचे असले, की सॉफ्टवेअर आपण होऊनच शून्य सोडून वर सरकते.

इतका फरक पाडणारी गोष्ट आपल्या कार्यालयांत सजावटीच्या खात्यात जमा आहे. मुद्दे साहेब ठरवतात, आकडे विभाग पुरवतो आणि ‘जरा चार्टबिर्ट टाकून आकर्षक करा’ असे सांगून फाइल आदल्या संध्याकाळी ऑपरेटरकडे जाते. त्या बिचाऱ्याने थ्री-डी पाय चार्ट निवडला तर त्याला बोल कसा लावणार? त्याने सांगितलेले काम केले. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून दाखवले होते, की एकाच पट्टीवरची स्थाने माणूस बऱ्यापैकी अचूक जोखतो. कोन आणि क्षेत्रफळ जोखताना मात्र त्याचा अंदाज जास्त चुकतो. पाय चार्टची भिस्त कोन आणि क्षेत्रफळ यांवरच असते. त्याला थ्री-डी केले की चकती तिरकी होते, पुढच्या भागाची जाड कडाही डोळ्यांत भरते आणि पुढे आलेला लहान खर्च मागे गेलेल्या मोठ्या खर्चाला मागे टाकतो. अंदाजपत्रकाच्या बैठकीत हे परवडणारे नाही.

चार्टचा प्रकार, अक्ष, आणि काय घ्यायचे व काय गाळायचे, हे विषय जाणणाऱ्यानेच ठरवले पाहिजे आणि मांडणाऱ्याने त्याची जबाबदारी घेतली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. यातली गाळागाळ सर्वांत घातक. चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ ला, यानाचे बूस्टर बनवणाऱ्या थायोकोल कंपनीच्या इंजिनिअरांनी नासाला सांगितले, की एवढ्या थंडीत बूस्टरच्या सांध्यांतल्या रबरी ओ-रिंग दगा देतील, तेव्हा उड्डाण नको. त्यासाठी त्यांनी तेरा तक्ते फॅक्सने पाठवले. पण सगळा भर रिंगांना इजा झालेल्या उड्डाणांवर राहिला. बिनतक्रार पार पडलेली उड्डाणे बाजूलाच राहिली. इजा उबदार हवेतही झाली होती, मग थंडीचा संबंध काय, असा सवाल त्यामुळे उभा राहू शकला. नंतर अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने सगळी उड्डाणे एकत्र मांडली. ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून उबदार अशा वीस उड्डाणांपैकी फक्त तिनांत बिघाड आढळला होता. ६५ अंशांखालच्या चारही उड्डाणांत तो होता. चॅलेंजर यान दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत तुटले, सात अंतराळवीर गेले. इंजिनिअरांवर खापर फोडणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांचा इशारा अचूक होता, तो डावलला वरिष्ठांनी. तरीही डावलणे अवघड करील असे एक चित्र त्या रात्री कोणापुढेच नव्हते.

यावर जाणकार म्हणतील, की शून्यापासूनचा अक्ष हाही बऱ्याचदा सत्य लपवतो. अगदी बरोबर. दहावीच्या परीक्षेला दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास विद्यार्थी बसतात. म्हणजे निकालातली तीन टक्क्यांची घट ही सुमारे पंचेचाळीस हजार मुले झाली, आणि शून्यापासूनच्या आलेखात ती दिसतच नाहीत. स्तंभ उंचीवरून वाचला जातो, त्यामुळे त्याचा तळ कापू नये. बारीक चढउतार दाखवायचे असतील तर रेषालेख घ्यावा, अक्ष ९० पासून सुरू होतो हे ठळक लिहावे आणि शेजारी मुलांची संख्या द्यावी. पण तीन टक्के म्हणजे किती मुले, हे ऑपरेटरला कोण सांगणार? म्हणून तर हा निर्णय त्याच्यावर सोडता येत नाही.

साहेबांना वेळ नसतो, हा आक्षेप मला पटत नाही. आठ चार्ट तपासायला वेळ नसेल, तर दोनच दाखवावेत. सगळाच आलेख निवडीतून बनतो, मग तक्रार कसली, हा प्रश्न मात्र वजनदार आहे. आलेखांचा आद्य प्रवर्तक विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख छापले, तेव्हा त्यानेही निवड केलीच होती. पण ते पुस्तक होते. वाचक पान उघडे ठेवून अक्षावरचे आकडे ताडून पाहू शकत होता. स्लाइड अर्ध्या मिनिटात पुढे जाते आणि तिच्या भरवशावर रस्त्याला, शाळेला, औषधांना पैसे मंजूर होतात. निवड करायला हरकत नाही. ती त्याच स्लाइडवर लिहिलेली असावी.

बैठकीला बसणाऱ्यांकडेही थोडे काम आहे. पुढची स्लाइड येण्याआधी थांबवून विचारा: अक्ष कितीपासून सुरू होतो, कोणती वर्षे गाळली आहेत, आणि हे कोणी ठरवले? उत्तर मिळेपर्यंत मंजुरी देऊ नका.