‘बालवाडीलाच तर शिकवायचंय!’

धुळे जिल्ह्यातल्या एका गावात मी बालवाडीची बाई म्हणून लागले, तेव्हा माझ्या हातात बी.ए.ची पदवी होती आणि वर बी.एड. होतं. तयारी केली होती ती नववी-दहावीला मराठी शिकवायची. पण माध्यमिकला जागा नव्हती. ‘सध्या खाली जा. तिथं काय अवघड, बालवाडीलाच तर शिकवायचंय,’ असं म्हणून मला अठ्ठावीस मुलांपुढे उभं केलं गेलं.

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर मोठा ‘अ’ काढला आणि पाट्या काढायला सांगितल्या. दाराजवळ बसलेला चार वर्षांचा एक मुलगा रडत होता. ‘माले घर जानं शे, माले घर जानं शे,’ एवढंच म्हणत होता. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, ‘असं नाही बोलायचं. मला घरी जायचंय, असं म्हण.’ तो रडायचा थांबला. मला वाटलं, जमलं. पण त्या दिवसापासून तो बोलायचाही थांबला. दिवाळीपर्यंत वर्गात त्यानं तोंड उघडलं नाही. मी वहीत त्याच्या नावापुढे ‘आकलन कमी’ असं लिहून टाकलं.

दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी त्याच्या घरावरून जात होते. अंगणात तो आजीला बकऱ्यांची हकिगत सांगत होता. कोणती बकरी लंगडते, कोणती पिलाला पिऊ देत नाही, कोणती काल वाट चुकली. अखंड बोलत होता, नेमकं बोलत होता, अहिराणीत बोलत होता. मी रस्त्यावरच उभी राहिले. त्याचं आकलन कमी नव्हतं. त्याची भाषा चुकीची आहे असं मी पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं होतं, आणि त्यानं ते मान्य केलं होतं.

बी.एड.ला मी पाठाचं टाचण काढायला शिकले होते, किशोरवयीनांचं मानसशास्त्र शिकले होते. चार वर्षांच्या मुलाला त्याच्या घरच्या बोलीतून उपटलं की काय होतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी पदवीधर होते, पण त्या वर्गापुरती अशिक्षित होते. पुढे मी बालविकासाचं रीतसर शिक्षण घेतलं, पंचवीसहून अधिक वर्षं बालवाडीतच राहिले आणि आता अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाचं काम करते. इतक्या वर्षांनंतर माझं म्हणणं एकच आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणारीकडे याच वयाच्या शिक्षणाची पूर्ण पदवी असली पाहिजे, आणि तिला पहिलीच्या शिक्षिकेइतकाच पगार मिळाला पाहिजे. यातली एक गोष्ट देऊन दुसरी नाकारली, तर दोन्ही वाया जातील.

‘त्यात शिकण्यासारखं आहे तरी काय? गाणी म्हणायची, खाऊ द्यायचा,’ असं मला आजही ऐकवलं जातं. म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पाच वर्षांची मुलगी वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणते. आईबाप खूश, बाईही खूश. तिच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवा आणि म्हणा, ‘मला यातले सहा दे.’ कधी ती मूठभर उचलून देते. कधी मोजता मोजता एकच चिंचोका दोनदा मोजते. सहा चिंचोके ओळीत जवळजवळ मांडले आणि मग तिच्यादेखत तीच ओळ लांबवली, तर ‘आता जास्त झाले’ म्हणते. ही मुलगी आकडे म्हणायला शिकली आहे, मोजायला नाही. शेवटचा आकडा म्हणजेच सगळ्यांची संख्या, हे तिला अजून उमगायचं आहे. हे ज्या बाईला कळतं ती तिला वाट्या मांडायला लावते, प्रत्येक वाटीत एक शेंगदाणा ठेवायला लावते, ताटं वाढायला लावते. जिला कळत नाही ती शंभरपर्यंत पाठ करून घेते. मग तिसरीत हातच्याचं गणित अडतं आणि दोष तिसरीच्या गुरुजींना लागतो.

हाताचंही तसंच. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मनगटात आठ छोट्या हाडांच्या जागी कूर्चा असते. ती हाडं एकेक करत तयार होतात, आणि आठही दिसायला मूल दहा-बारा वर्षांचं व्हावं लागतं. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन दोन ओळींच्या मधे ‘क’ बसवायला लावणं म्हणजे ओल्या विटेवर भिंत चढवणं आहे. त्या हाताला आधी कणीक हवी, माती हवी, मणी ओवायला हवेत, कपड्याचे चिमटे हवेत. आईबाप मात्र विचारतात, ‘वहीत काहीच कसं नाही?’ त्यांना शांतपणे पटवून देण्यासाठी बाईच्या अंगी ज्ञान लागतं आणि त्या ज्ञानाला मान लागतो. बारावीनंतर महिनाभराचं शिबिर करून आलेल्या, कधीही काढून टाकता येईल अशा पोरीला पालकांपुढे असं उभं राहता येत नाही. ती मुकाट्यानं वही भरून घेते.

लहान मुलांच्या बाईला सखोल तयारी लागते, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या. राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाचं प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात आल्या. गिजुभाई स्वतः वकिली सोडून या कामात आलेले. पदवीधर बाईनं प्राचार्यपद सोडून तीन वर्षांच्या मुलांसमोर जमिनीवर बसावं, हे तेव्हाच्या लोकांना किती विचित्र वाटलं असेल! १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. संघाच्या कामात बालमंदिराइतकंच महत्त्व होतं ते तिथं शिकवणाऱ्या बाया घडवण्याला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरिबांची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पुढे १९५७ पासून कोसबाडला वारली मुलांसाठी काम सुरू झालं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, म्हणून कुरणावर शाळा नेली. शिंपले, बिया, पानं, काड्या हीच साधनं झाली. मारिया मॉन्टेसरींच्या बालशिक्षण पद्धतीचं तत्त्व पूर्ण पचवलेल्या माणसांनाच ते शिंपल्यांतून मांडता येतं. साधं दिसणारं ते काम सखोल अभ्यासातून आलं होतं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि ‘अंगणवाडी’ हा आपला शब्द देशभर गेला. शब्द गेला, पण त्यामागचं शिक्षण मागे राहिलं. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्यानं हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी कलम ११ मध्ये सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ एवढंच म्हटलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तिसऱ्या वर्षापासून दुसरीपर्यंतची पाच वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, हेही त्याच धोरणात नोंदलं आहे. मी त्या पानांचं मनापासून स्वागत केलं होतं. पण शिक्षिकेच्या तयारीपाशी येऊन धोरण अडखळतं. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, त्याहून कमी शिकलेलीला वर्षाची पदविका, तेही मुख्यतः दूरचित्रवाणी वाहिन्या आणि मोबाइलवरून, महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग. दुसरीकडे त्याच धोरणानुसार शाळेत शिकवायला २०३० पासून चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता. म्हणजे टप्पा एक, आणि त्याच टप्प्यातल्या दोन बायांच्या तयारीत साडेतीन वर्षांचं अंतर. ज्या मुलाला सगळ्यात जाणती बाई हवी, त्याच्या वाट्याला सगळ्यात तुटपुंजी तयारी.

आणि ही सेविका दिवसभर काय काय करते? वजनं घेते, उंची मोजते, पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवर नोंदी भरते, घरपोच आहार वाटते, गरोदर बायांच्या घरी जाते, लसीकरणाच्या दिवशी मुलं गोळा करते, सर्वेक्षणं करते. नेटवर्क नसलं तर नोंद भरायला गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन उभी राहते. मग गोष्ट सांगायला उरतो तो अर्धा तास. या कामाला आपण पगार देत नाही, मानधन देतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. ज्या बाईनं आयुष्य या कामात घालवलं, तिला निवृत्तीच्या पैशासाठी देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत जावं लागलं. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला सेविका-मदतनिसांचा संप ५२ दिवस चालला. तेवढे दिवस अंगणवाड्या बंद राहिल्या. पहिली-दुसरीचे वर्ग तेवढे दिवस बंद असते, तर राज्यात केवढा गहजब झाला असता!

पदवीची अट घातली तर आज काम करणाऱ्या बायांचं काय, हा प्रश्न रास्त आहे आणि माझ्या काळजाला तो सतत टोचतो. त्याचं एक उत्तर अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात सापडतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गरीब जिल्ह्यांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना चांगलं पूर्वप्राथमिक शिक्षण मिळालंच पाहिजे असं १९९८ मध्ये सांगितलं. २००० मध्ये त्यानं शिक्षिका पदवीधर आणि त्या वयोगटासाठी प्रमाणित असल्या पाहिजेत, असं ठरवलं आणि मुदत दिली चार वर्षांची. नोकरीतल्या बायांना घरी बसवलं नाही. त्यांच्या शिक्षणाचं शुल्क सरकारनं भरलं, त्या वर्गाला जातील तेव्हा बदली शिक्षिकांची सोय केली, आणि पदवी झाल्यावर शाळेतल्या शिक्षकांच्या बरोबरीनं वेतन दिलं. बहुतेक जणींनी मुदतीत पदवी मिळवली. आपला देश वेगळा आहे, पैसा वेगळा आहे, हे मला कळतं. पण अट, आधार आणि वेतन ही तीन चाकं एकदम जोडली तरच गाडी चालते, हे कुठल्याही देशात खरंच आहे.

महाराष्ट्रात हे कसं व्हावं, याचं माझ्या मनातलं चित्र साधं आहे. प्रत्येक जिल्ह्यात एका तालुक्यापासून सुरुवात करावी. सेविकेला चार वर्षांत, काम करता करता, बालशिक्षणाची पदवी घेता यावी. आठवड्यातून दोन दुपारी जवळच्या महाविद्यालयात, बाकीचा अभ्यास तिच्याच अंगणवाडीत. तिची अंगणवाडी हीच तिची प्रयोगशाळा. महिन्यातून दोनदा एखादी अनुभवी शिक्षिका तिच्या शेजारी मुलांमध्ये बसेल, बघेल आणि मुलं गेल्यावर तिच्याशी बोलेल. मला जे आलं, त्यातलं बरंचसं अशाच एका बाईंनी शेजारी बसून शिकवलं. परीक्षाही नुसत्या कागदावर नको. ती मुलांचं ऐकते का, त्यांची बोली वर्गात येऊ देते का, गोष्ट थांबवून प्रश्न विचारते का, हे पाहून गुण द्यावेत. पंधरा-वीस वर्षांचा तिचा अनुभव श्रेयांकांत धरावा. आहार आणि नोंदी यांसाठी अंगणवाडीत वेगळी कार्यकर्ती द्यावी. आणि पदवी झाली की तिला जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षिकेची वेतनश्रेणी मिळावी.

खर्च मोठा आहे. पण आत्ताचाही खर्च आपण करतोच. पाचवीतल्या मुलाला दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही म्हणून उपचारात्मक वर्ग, पुन्हा चाचण्या, पुन्हा मोहिमा. आधी शाळेवर केलेला खर्च, मग शिकवणीवर केलेला, मग शाळा सोडून कामाला लागलेल्या पोरानं आयुष्यभर भरलेला.

‘लहान मुलांना माया लागते, पदवी नाही,’ असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की त्या अहिराणी बोलणाऱ्या मुलावर माझी माया होती. तो रडत होता म्हणून मी त्याच्याजवळ गेले होते, त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मायेनंच मी त्याला गप्प केलं. मायेला काय करायचं ते कळावं लागतं, आणि ते शिकता येतं.

गेल्या महिन्यात प्रशिक्षण संपल्यावर एक सेविका मागे थांबली. वय चव्वेचाळीस, दोन मुली महाविद्यालयात. मुक्त विद्यापीठातून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रात्री मुलींच्या टेबलावरच अभ्यास करते. तिच्या अंगणवाडीत मुलं अहिराणीतून गोष्ट सांगतात, ती मराठीतून पुढे नेते, मुलं पुन्हा अहिराणीत शेवट करतात. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. पिशवी खांद्याला लावता लावता तिनं विचारलं, ‘ताई, एक विचारू? मी ग्रॅज्युएट झाले, तर माझ्या अंगणवाडीत काही बदलेल का? का मानधन तेवढंच, आणि पाटीवर नाव सेविकेचंच?’

मला तिला उत्तर देता आलं नाही. ते माझ्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे त्यांनी तिला ते द्यावं, तिचं तिसरं वर्ष सुरू व्हायच्या आत.