छपरावरचा पंखा आणि छपराखालचा माणूस

उन्हाळा आला की औद्योगिक वसाहतींतील पत्र्याच्या शेडमध्ये कामगार अक्षरशः भाजून निघतो. वर तापलेला पत्रा, खाली धडधडणारी यंत्रे आणि मध्ये घामाने निथळणारा माणूस. कुणी तक्रार केलीच तर मालक छपराकडे बोट दाखवितो, 'पंखे बसविले आहेत की!' परंतु छपरावर पंखा असणे आणि शेडमधली हवा बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे आमच्या कामगार बांधवांनी नीट समजून घेतले पाहिजे.

गरम हवा वर चढते, म्हणून पंखा छपराच्या आढ्याजवळ बसवायचा असतो. पण हवा बाहेर जायची तर तेवढीच खालून आत आली पाहिजे. चोरीच्या भीतीने खिडक्या बंद, झरोक्यांपुढे मालाच्या थप्प्या, अशा शेडमध्ये वर कितीही पंखे फिरोत, ते केवळ वीज खातात. पंख्यांची संख्याही अंदाजाने ठरत नाही. 30 मीटर लांब, 15 मीटर रुंद आणि 6 मीटर उंच शेडमध्ये 2700 घनमीटर हवा मावते. ती तासाला 10 वेळा बदलायची ठरविली तर ताशी 27,000 घनमीटर हवा बाहेर फेकावी लागेल. मालकाने हा हिशेब कधी मांडला काय? वाऱ्यावर फिरणारे गोल टर्बो व्हेंटिलेटर विजेविना चालतात हे खरे. पण वारा पडला की त्यांचे कामही मंदावते, आणि उकाडा नेमका तेव्हाच असह्य होतो.

धूळ आणि धूर यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. ग्राइंडिंगची धूळ वा वेल्डिंगचा धूर छपरापर्यंत पोहोचण्याआधी कामगाराच्या नाकातून जातो. म्हणूनच 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 14 ने धूळ जिथे उत्पन्न होते तिथेच, शक्य तितक्या जवळ, ती ओढून घेण्याची व्यवस्था सांगितली होती. कलम 13 मध्ये पुरेशी खेळती हवा आणि तापमान कमी राखणाऱ्या भिंती व छप्पर यांची तरतूद होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या सुरक्षा व आरोग्य संहितेने घेतली आहे. हवा, तापमान आणि धूळ यांचा उल्लेख संहितेतही आहे. परंतु विजेवर चालणारा कारखाना ठरण्यासाठी मूळ कायद्यातील 10 कामगारांची अट आता 20 वर गेली आहे. ज्या लहान शेडमध्ये सर्वांत जास्त कोंडमारा, त्याच शेड 'कारखाना' या व्याख्येबाहेर! याला सुधारणा म्हणायचे काय?

आता छपरावर चढणाऱ्या माणसाविषयी. हे काम बहुधा ठेकेदाराच्या रोजंदारी मजुराकडे येते. सिमेंटचा जुना पत्रा वरून मजबूत दिसतो, पण माणसाच्या वजनाने तो फुटतो आणि माणूस थेट खालच्या यंत्रावर कोसळतो. पत्र्यावर फळ्या टाकल्याशिवाय आणि सुरक्षा पट्टा पक्क्या आधाराला बांधल्याशिवाय कुणीही वर पाऊल ठेवू नये. जुन्या सिमेंट पत्र्यात अॅस्बेस्टॉस असते. त्याला छिद्र पाडताना उडणारी धूळ फुप्फुसाचा घात करते. दुरुस्तीच्या वेळी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे आणि किल्ली वर चढणाऱ्याच्याच खिशात असावी.

पंखा बसविला म्हणजे काम संपले नाही. पात्यांवर धूळ साचली की तोल जातो, पंखा थरथरतो, बेअरिंग झिजते. पट्टा सैल पडतो, जाळीत पक्षी घरटी करतात. पावसाळ्यापूर्वी पत्र्याचे सांधे तपासले नाहीत तर पाणी गळते, आणि मग मालक भोकच बुजवून टाकतो. दुरुस्तीनंतर वायरींची अदलाबदल झाली तर थ्री फेजचा पंखा उलटा फिरतो. तो फिरताना दिसतो, पण हवा बाहेर फेकत नाही. परीक्षा सोपी आहे. पंखे चालू असताना खालच्या झरोक्याशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर हवा खेळते आहे. जागीच घुटमळला तर पंखा नावापुरता आहे.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात घेतले जात नव्हते. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पुढे मजूरमंत्री असताना 1946 च्या दुरुस्तीने त्यांनी आठवड्याचे काम 54 तासांवरून 48 तासांवर आणण्याचा मार्ग मोकळा केला. कामगाराच्या शरीराचीही किंमत असते, हाच त्यामागचा विचार होता. कोंदट खात्यात कोण उभा राहतो आणि फुटक्या पत्र्यावर कोणाला चढविले जाते, हा प्रश्न आजही विचारावाच लागेल.

तेव्हा कामगार संघटनांनी पगारवाढीच्या मागणीपत्रात आणखी चार ओळी लिहाव्यात : हवेचा हिशेब दाखवा, झरोके मोकळे ठेवा, देखभालीची नोंदवही कामगारांसमोर ठेवा आणि सुरक्षा साधनांविना कुणालाही छपरावर चढवू नका. श्वास ही मालकाची मेहेरबानी नव्हे, तो आमचा हक्क आहे.