नकारांची फाइल

सरकारी बँकेत क्लार्कचा ऑफिसर होतो तेव्हा बढतीच्या मागोमाग बदली येते. मिरजेच्या माणसाला भंडारा मिळतो, नाशिकच्या माणसाला पाटणा. नको असेल तर एका ओळीचं पत्र द्यायचं: 'कौटुंबिक कारणास्तव बढती स्वीकारू शकत नाही.' पुढे मी विभागीय कार्यालयात कार्मिक विभाग सांभाळला, तेव्हा ही पत्रं माझ्याच टेबलावरून फायलीत जायची. पुरुषांचीही असायची, नाही असं नाही. पण बायकांच्या पत्रांचा गठ्ठा जाड, आणि अक्षर पुष्कळदा नवऱ्याचं.

बायका वरच्या पदांवर का दिसत नाहीत, असा विषय निघाला की आपण सगळे वर बघायला लागतो. तर्जनी वकील 1993 मध्ये एक्झिम बँकेच्या प्रमुख झाल्या, अरुंधती भट्टाचार्य 2013 मध्ये स्टेट बँकेच्या. दोघींचा अभिमान मलाही आहे. त्याच 2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारातल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक महिला सक्तीची केली, तेव्हा काही उद्योगपतींनी आपल्या बायकोला नाहीतर मुलीला तिथे बसवलं, तेही आपण पाहिलं. पण महाव्यवस्थापकाच्या खुर्चीत बाई नसते, त्याचा निकाल कितीतरी आधी, स्केल वनच्या, म्हणजे ऑफिसरपदाच्या पहिल्या पायरीवर लागलेला असतो.

हिशेब साधा आहे. महाव्यवस्थापक म्हणजे स्केल सात. प्रत्येक स्केलमध्ये ठरावीक वर्षं काढावी लागतात, मधे ग्रामीण शाखा करावी लागते, आणि निवृत्ती साठीला. आमच्याकडे बढती नाकारली की पुढची काही वर्षं परीक्षेला बसता येत नसे. मुलं मोठी झाल्यावर चाळिशीत ऑफिसर झालेली बाई कितीही हुशार असली तरी फार तर स्केल चारपर्यंत जाते.

माझी एक सहकारी सीएआयआयबी ही बँकिंगची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेली. शाखेचा ताळेबंद जुळेना की सगळे तिच्याकडे धावायचे. बढतीच्या यादीत तिचं नाव जूनमध्ये लागलं, शाळा सुरू झाल्यावर. नवरा जिल्हा परिषदेत शिक्षक, सासू अंथरुणाला खिळलेली. तिने पत्र दिलं. तिच्या हाताखाली काम शिकलेली मुलं मॅनेजर झाली, ती हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाली. शेरा काय, तर 'इच्छुक नाही'. यादी मार्चमध्ये लागली असती तर? वर्षा-दोन वर्षांत परत आणू असं कुणी लिहून दिलं असतं तर? ते तिला कुणी विचारलंच नाही.

मी मात्र बढती घेऊन बदलीच्या गावी गेले. माझी आई घर बंद करून माझ्या मुलाला सांभाळायला आली, म्हणून गेले. यात माझं कर्तृत्व शून्य. तिथे वेगळीच गंमत. साहेब म्हणायचे, "मॅडम, तुम्ही डिपॉझिट बघा, वसुलीला शिंदे जातील. अंधार पडतो, रस्ते खराब." माणूस सज्जन होता, काळजीपोटीच बोलत होता. पण पुढच्या मुलाखतीत पॅनेल विचारतं: कर्जं किती मंजूर केलीत, थकबाकी किती आणलीत? शिंद्यांकडे उत्तर होतं. असल्या काळजीमुळेच कार्मिक, प्रशिक्षण, हिशेब या विभागांत बायका भरपूर आणि कर्जविभागात मोजक्या. वाईट वागणाऱ्या साहेबाविरुद्ध तक्रार तरी करता येते.

2014 मध्ये अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांना सांगितलं की महिलांना शक्यतो नवऱ्याच्या किंवा आईवडिलांच्या गावाजवळ नेमा. अनेकींचे संसार त्यामुळे वाचले. तरी मला ते अर्धंच वाटतं. घर सांभाळणं हे बाईचंच काम, असं त्यात गृहीत आहे. शिवाय गावाजवळ म्हणजे बहुतेकदा शहरातलं प्रशासकीय टेबल, म्हणजे पुन्हा शाखा नाही, कर्ज नाही, पुढची बढती नाही. सवलत पुरुषांनाही द्या, आणि ग्रामीण नेमणूक मुदतीची करा, परतीची तारीख आदेशातच छापा.

आणखी एक मागणी आहे, फुकटातली. सेबीच्या नियमाप्रमाणे बाजारमूल्यात वरच्या 1000 कंपन्यांना, त्यात बँकाही आल्या, दरवर्षी छापावं लागतं की कर्मचाऱ्यांत बायका किती, संचालक किती, बाळंतपणाच्या रजेवरून परत कामावर किती आल्या. बढती मिळूनही किती बायकांनी नाकारली आणि किती पुरुषांनी, हा रकाना त्यात नाही. आकडे प्रत्येक विभागीय कार्यालयात पडून आहेत, मी स्वतः फायलीत लावलेत. माझ्याकडे बँकेचे थोडे शेअर आहेत. यंदाच्या वार्षिक सभेला हा प्रश्न मी लेखी पाठवते आहे. निवृत्त मैत्रिणींनीही आपापल्या बँकांना पाठवावा.