विश्लेषण : खारे वारे सुटल्यावर सर्फिंग करावे का?

जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे आणि समुद्रावरून किनाऱ्याकडे येणारे खारे वारे यांची ओळख शाळेच्या भूगोलात होते. सर्फिंग शिकणाऱ्याला मात्र हा धडा रोज लागतो. पहाटे मतलई वाऱ्यात लाटा गुळगुळीत असतात. दुपारकडे खारे वारे सुटले की पाणी विस्कटते आणि बरेच जण बोर्ड उचलून परततात. ही सवय नवशिक्यांचेच नुकसान करते. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी किनारा गाठणाऱ्याला हवा तसा वारा मिळणार कितीदा?

लाटेत काय बदलते?

मतलई वारा लाटेला समोरून थोपवतो. तिची भिंत जास्त वेळ उभी राहते आणि उथळ पाण्यात येऊन एकदम फुटते. खारा वारा तिला मागून ढकलतो. त्यामुळे ती अलीकडे, थोड्या खोल पाण्यातच माथ्यापासून ढासळू लागते. उतार कमी, जोर विखुरलेला आणि दोन लाटांमध्ये उसंत नाही.

मग जमवायचे कसे?

आधी पंधरा मिनिटे किनाऱ्यावर उभे राहून पाहावे. गोंधळातही काही लाटा एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा उभ्या राहतात. ती जागा किनाऱ्यावरच्या एखाद्या झाडाच्या किंवा घराच्या रेषेत लक्षात ठेवावी. डोंगराचे टोक समुद्रात घुसले असेल, तर त्याच्या आडोशाला पाणी बरेच शांत सापडते. बोर्ड नेहमीपेक्षा थोडा जाड, जास्त तरंगणारा घ्यावा. लाट स्वतःहून उचलत नाही, म्हणून हात आधीपासून आणि जोरात मारावे लागतात. उभे राहिल्यावर गुडघे वाकलेले, नजर पुढे. लांबलचक वळणे घ्यायला इथे जागा नसते. फेसाजवळच राहावे, कारण उरलासुरला जोर तिथेच असतो. दोन-तीन छोटी वळणे साधली तरी त्या लाटेचे चीज झाले.

टोक्योत काय दिसले?

ऑलिम्पिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा आले ते टोक्योत. नेपार्ताक वादळामुळे अंतिम फेरी एक दिवस अलीकडे, २७ जुलै २०२१ रोजी घ्यावी लागली. त्सुरिगासाकीच्या विस्कटलेल्या लाटांत ब्राझीलच्या इटालो फरेराचा बोर्ड पहिल्याच लाटेवर मोडला. दुसरा बोर्ड घेऊन त्याने जपानच्या कानोआ इगाराशीला १५.१४ विरुद्ध ६.६० गुणांनी हरवले. वडील ज्या थर्माकोलच्या पेटीतून मासे विकत, तिच्या झाकणावर तो लहानपणी लाटा पकडायला शिकला होता. गुळगुळीत लाटेची वाट पाहणाऱ्यांनी हे जरूर आठवावे.

धोका किती?

मतलई वारा थकलेल्या माणसाला आत समुद्रात नेतो, खारा वारा किनाऱ्याकडे आणतो. त्या अर्थाने तो नवशिक्याला सोयीचा. पण किनाऱ्यावर आलेले पाणी अरुंद वाटेने परत आत धावते आणि माणसाला ओढून नेते. फेसाळ लाटांच्या मधोमध एखादा पट्टा विनाकारण शांत दिसला, तर तो टाळावा. ओढीत सापडल्यास बोर्ड सोडू नये. सरळ किनाऱ्याकडे न झगडता किनाऱ्याला समांतर जाऊन मगच वळावे. आणि वर सांगितलेले काहीही आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या भर पावसाळ्याला लागू नाही. जून-जुलैत मासेमारीच्या होड्याही वर ओढलेल्या असतात.