नवखा चढाईपटू आणि जाणता कोपरा

प्रो कबड्डीच्या लिलावाचे दिवस आले, की शाहूवाडीपासून चंदगडपर्यंतच्या डोंगरी पट्ट्यात जुना वाद पुन्हा रंगतो. संघाने मुरलेल्या खेळाडूला धरून ठेवावे, की नवख्यावर भिस्त ठेवावी?

यू मुंबाने २०१८ मध्ये त्याचे उत्तर धाडसाने दिले. पहिले पाच हंगाम संघाची धुरा वाहणारा, २०१५ चे विजेतेपद मिळवून देणारा अनुपकुमार त्यांनी सोडला आणि चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई ३६ लाख ४० हजारांत घेतला. सिद्धार्थने पदार्पणातच चढाईचे २१८ गुण लुटले. जयपूरकडे गेलेल्या अनुपने त्याच डिसेंबरमध्ये निवृत्ती जाहीर केली.

निर्णय अचूक ठरला. मात्र त्याचे सारे श्रेय तरुण रक्ताला देणे भाबडेपणाचे होईल. चढाईत बाद झालेला गडी परत येतो तो सहकाऱ्यांनी प्रतिस्पर्ध्याला चढाईत किंवा पकडीत बाद केल्यावर. सिद्धार्थच्या मागे त्यासाठी इराणचा फझल अत्राचली हा कसलेला कोपरारक्षक, तोही कर्णधार म्हणून, उभा होता. अनुभव संघातून गेला नव्हता. त्याची जागा तेवढी बदलली होती. गर्जणाऱ्या प्रेक्षागृहाला हे सहसा दिसत नाही.

पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने सिद्धार्थसाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्याने तेथेही चढाईचे २१७ गुण मिळवले, तरी टायटन्सला बाद फेरी गाठता आली नाही. फझलच्या यू मुंबाने मात्र सिद्धार्थविना उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली.