एडका निवडताना

डमडमला मावशीकडे मुक्काम असला की रविवारी मटण ठरलेलं. काका तिथे विमानतळावर नोकरीला होते. निवृत्तीनंतरही दोघं तिथेच राहिली. इतक्या वर्षांत मावशी बाजारात अस्खलित बंगाली बोलायला शिकली, पण घरात तिची बोली अजून माणदेशातलीच आहे. गेल्या खेपेला काकांनी मटणाबरोबर भेजाही आणला. मावशीने पिशवीत डोकावून पाहिलं आणि ती तशीच बाजूला सारली.

"हे नको. यानं मेंदूला भोकं पडतात म्हणे. तू लिहितेस ना मासिकात, तूच सांग यांना."

"अगं, तो गाईंचा रोग. विलायतेतला," काका म्हणाले. "हा बोकडाचा भेजा आहे."

"आणि गाईंना कुठून आला? मेंढरांकडून आला, असं तेव्हा छापून आलं होतं!"

काका गप्प झाले. मीही क्षणभर गप्प झाले. कारण मावशीचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं.

इंग्लंडमध्ये 1986 साली गाईंना एक विचित्र रोग जडल्याचं लक्षात आलं. गाई अडखळत, बिथरत आणि अखेर मरत. तपासल्यावर त्यांच्या मेंदूची स्पंजासारखी चाळण झालेली दिसे. मेलेल्या जनावरांच्या मांसाची व हाडांची पूड गाईंना खाऊ घातल्यामुळे हा रोग पसरला होता. ब्रिटनमध्ये 1 लाख 80 हजारांहून अधिक गाईगुरांना तो झाला. 1996 साली माणसांतही त्याचा प्रकार आढळला आणि जगभर घबराट उडाली. त्या पुडीत मेंढ्यांचेही अवशेष असत. त्यामुळे मेंढ्यांच्या 'स्क्रेपी' या रोगातूनच हे सगळं सुरू झालं असावं, असा एक तर्क तेव्हा मांडला गेला. तो सिद्ध मात्र झाला नाही.

स्क्रेपी हा रोग फार जुना. इंग्लंडमध्ये त्याच्या नोंदी 1732 पासूनच्या आहेत. मेंढीला अनावर खाज सुटते. ती कुंपणाला, खांबाला अंग घासत राहते, लोकर झडते, पाय लटपटतात आणि ती मरते. हा रोग बोकडांनाही होतो. यावर औषध नाही, लसही नाही. शिवाय लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दोन ते पाच वर्षं जातात. तोपर्यंत मेंढी दोन-तीनदा व्यालेली असते आणि तिच्या वारेतून रोग कळपात शिरलेला असतो.

हा रोग जंतूमुळे होत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी 1982 साली त्याच्या कारणाला 'प्रायॉन' हे नाव दिलं. त्यासाठी त्यांना 1997 साली नोबेल पारितोषिक मिळालं. मेंदूत एक प्रथिन नेहमीच असतं. त्याची घडी चुकली की तेच प्रायॉन होतं आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही आपल्यासारखं चुकीचं दुमडायला लावतं. घरच्या कुकरमध्ये ते मरत नाही. मरणार कसं? ते जिवंतच नसतं!

आता खरी गंमत पुढे आहे. एकाच वाड्यात, एकाच चाऱ्यावर वाढलेल्या मेंढ्यांपैकी काहींना स्क्रेपी होई, काहींना कधीच होत नसे. विशिष्ट घराण्यांतच तो जास्त दिसे. त्यामुळे हा आनुवंशिक रोग की संसर्गाचा, यावर शास्त्रज्ञांत अनेक वर्षं वाद झाला. शेवटी दोन्ही बाजू थोड्याथोड्या बरोबर निघाल्या. रोग बाहेरून येतो, पण त्याला घरात घ्यायचं की दारातूनच परतवायचं हे मेंढीचं जनुक ठरवतं.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मेंढीच्या या माळेत 136, 154 आणि 171 या जागांवरचे मणी महत्त्वाचे असतात. त्यातही 171 व्या जागी बहुधा ग्लुटामिन असतं. तिथे आर्जिनिन आलं की प्रथिनाची घडी सहजासहजी चुकत नाही. तीन जागांच्या सर्वांत सुरक्षित जुळणीला शास्त्रज्ञ 'एआरआर' म्हणतात. आई आणि बाप दोघांकडूनही एआरआर मिळालेल्या मेंढीला नेहमीची स्क्रेपी जवळजवळ होतच नाही.

आणि म्हणूनच सगळी मदार एडक्यावर येते. मेंढी वर्षाला एखाददुसरं कोकरू देते. एडका मात्र कळपातल्या कितीतरी कोकरांचा बाप असतो. दोन्ही बाजूंनी एआरआर असलेला एडका सोडला की त्याच्या प्रत्येक कोकराला निदान एक तरी चांगली प्रत मिळतेच. शिवाय मेंढी रोगट असली तरी पोटातल्या कोकराकडे एआरआर असेल तर तिच्या वारेत प्रायॉन साठत नाही, असं दिसून आलं आहे. म्हणजे बापाकडून आलेलं जनुक आईच्या रोगाचाही फैलाव रोखतं.

ब्रिटनने 2001 साली एडक्यांचं रक्त तपासून पैदाशीला कोणते ठेवायचे हे ठरवायची योजना सुरू केली. पुढे युरोपातल्या इतर देशांनीही तोच मार्ग धरला. आइसलँडमध्ये तर स्क्रेपी निघाली की अख्खा कळप मारण्याची पद्धत होती. एआरआर आपल्या मेंढ्यांत नाहीच, अशी तिथे समजूत होती. 2022 साली पूर्वेकडच्या एका शेतावर काही मेंढ्यांत ते सापडलं. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला कळप एका दिवसात कापायला लागणाऱ्या माणसाला त्याचं मोल काय वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

"आपल्याकडे आहे का हा रोग?" मावशीने विचारलं.

1961 साली कुमाऊंच्या डोंगराळ भागातल्या मेंढ्यांत स्क्रेपी आढळल्याची नोंद शास्त्रीय नियतकालिकात आली होती. त्यापलीकडे आपल्या शेळ्यामेंढ्यांत तिची साथ पसरल्याचं ऐकिवात नाही. गाईंच्या त्या रोगाबाबतही जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारताला नगण्य धोक्याच्या देशांत धरलं आहे. मग आपल्याला या जनुकांचं काय? असं वाटत असेल तर त्याचं उत्तर डमडमपासून फार दूर नाही.

डमडमहून मेट्रोत बसलं की पुढचंच स्टेशन बेलगाछिया. तिथे 1893 सालापासून जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज आहे. आणि कोलकात्याच्या दक्षिणेला, सुंदरबनच्या दलदलीत, गारोल नावाची मेंढी आहे. वजन जेमतेम दहा-बारा किलो, दिसायला किरकोळ. पण गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते आणि एका वेताला दोन-दोन, कधी तीन कोकरं देते. 1792-93 च्या सुमारास कोलकात्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. तिथल्या बुरुला जातीच्या मेंढ्या पुढे जुळ्यातिळ्यांसाठी प्रसिद्ध झाल्या. त्यांना हा गुण देणारं जनुक 2001 साली ओळखलं गेलं आणि तेच गारोलमध्येही असल्याचं तपासणीत दिसलं. तिथेही फरक माळेतल्या एकाच मण्याचा. ग्लुटामिनच्या जागी आर्जिनिन! एका जागी हा बदल झाला तर मेंढी स्क्रेपीपासून वाचते, दुसऱ्या जागी झाला तर जुळी देते.

ही गारोल सातारा जिल्ह्यात येऊन पोचली, हे कितीजणांना ठाऊक असेल? फलटणला बनबिहारी निंबकर यांनी 1968 साली निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. संस्थेने 1990 च्या दशकात सुंदरबनातून गारोल मेंढ्या आणून त्यांचा आपल्या दख्खनी मेंढ्यांशी संकर केला. चंदा निंबकर यांनी हे काम पुढे नेलं. इरावती कर्वे यांची ही नात. रक्तातलं जनुक ओळखण्याच्या कामी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची मदत झाली. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. या संकरातून पुढे तयार झालेल्या 'नारी सुवर्णा' मेंढ्या पुष्कळदा जुळं देतात. हे करताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. गारोलचं रक्त असलेली कोकरं रक्त शोषणाऱ्या जंतांना अधिक चांगली तोंड देतात.

हे सांगताच मावशीचा चेहरा बदलला. "एका पावसाळ्यात आबांची निम्मी कोकरं जंतांनी गेली होती," ती म्हणाली. "आई रोज सकाळी वाघुरात जाऊन मोजायची आणि पदराला डोळे पुसत यायची. त्या वर्षी माझं लग्न पुढं ढकललं." माझ्या आईकडून ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती.

आमच्या माणदेशाच्या शेजारच्याच तालुक्यात आज अशा मेंढ्या वाढत आहेत, हे ऐकून तिला बरं वाटलं. पण इथे एक सावधगिरी हवी. एक चांगलं जनुक सापडलं म्हणजे सारं साधलं, असं नाही. नॉर्वेत 1998 साली स्क्रेपीचा एक निराळा प्रकार आढळला. तो एआरआर असलेल्या मेंढीलाही होऊ शकतो. जुळी देणाऱ्या मेंढीला दोघांपुरतं दूध उतरलं नाही, चारा पुरला नाही, तर दुसरं कोकरू जगत नाही. एकाच गुणाच्या मागे लागून सगळे कळप एकाच वळणाचे केले तर उद्या येणाऱ्या नव्या रोगाला अडवणारं जनुक कदाचित आपणच गमावून बसू. सुंदरबनातली किरकोळ मेंढी फलटणच्या उपयोगी पडली, ती तिथल्या गरीब शेतकऱ्यांनी कुणी सांगितलं नसताना जपली म्हणून. दुबळी, कमी वजनाची म्हणून ती मोडीत काढली असती तर?

राहता राहिला भेजा. स्क्रेपी माणसाला झाल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. तरीही युरोपात वर्षावरच्या शेळ्यामेंढ्यांचा मेंदू आणि मज्जारज्जू खाण्यातून बाजूला काढतात. आपल्याकडे घाबरून जाण्यासारखं काही नाही. जनावर निरोगी होतं ना, एवढी चौकशी मात्र ओळखीच्या खाटकाकडे जरूर करावी. हे सगळं ऐकून काकांनी विजयी मुद्रेने पिशवी पुढे सरकवली.

मावशी मात्र अजून माणदेशातच होती. "आबा एडका घ्यायला बाजारात गेले की आधी विचारायचे, याची आई कुठाय? आईला बघितल्याशिवाय एडका घेतला नाही त्यांनी कधी. खाण तशी माती, म्हणायचे."

आबा शाळेत गेले नव्हते. एडक्याच्या शिंगांवर आणि अंगापिंडावर न भुलता त्याच्या आत काय आलं आहे ते शोधायचं, हे मात्र त्यांना कळलं होतं. शास्त्रज्ञ तेच रक्ताच्या थेंबातून वाचतात.

आणि हो, भेजा मावशीनेच केला. भरपूर मिरी घालून.