पावसाआधीची पालवी

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या फाटकाशी दरवर्षी चार-सहा जण येऊन जातात. "बाई, निंबाची डहाळी पाहिजे होती." चिखलीतल्या आमच्या गल्लीत निंबाचं मोठं झाड आता एकच उरलंय, आमच्या अंगणातलं. त्यामुळे निम्म्या गल्लीच्या गुढ्यांना ख्रिस्ती घरचा निंब लागतो. ह्याची आमच्या ह्यांना भारी गंमत वाटायची. दुपारीच शिडी लावून ते डहाळ्या काढायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवायचे आणि संध्याकाळी दुकानदारासारखे खुर्ची टाकून बसायचे. यंदा हे काम मी शेजारच्या मुलाकडून करून घेतलं. शिडीवर चढायचं माझं वय राहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर वय होतं तेव्हाही मी कधी चढले नाही.

झाड १९८४ चं. घर बांधलं त्या वर्षी कुंपणाच्या कडेला आपोआप उगवलेलं रोप ह्यांनी उपटू दिलं नाही. महाशिवरात्रीच्या सुमाराला ते पानं टाकायला लागतं. दिवसातून तीनदा झाडलं तरी अंगण पिवळंच. ते मोठं झालं आणि पहिल्यांदा असं उघडंबोडकं दिसलं, तेव्हा झाड वाळलं म्हणून मी घाबरले होते. शेजारचे आबा, पक्के शेतकरी, कुंपणाशी आले नि वर पाहून म्हणाले, "वाळला नाही बाई, पानं टाकून राह्यला तो. आठ दिवस थांबा." आठ दिवसांनी खरोखरच टोकाटोकाला तांबूस, ओलसर दिसणारी पानं आली. मग तो बारीक पांढरा फुलोरा आणि रात्रीचा त्याचा वास. ज्यांच्या अंगणात निंब आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

२०२१ च्या मार्चमध्ये हे गेले. करोनाचे दिवस, मातीला मोजकीच माणसं. बाकी सगळे फोनवर. त्या फोनांमध्ये एक वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळालं. एका लांबच्या दिरांनी तर अगदी सविस्तर सांगितलं, "वहिनी, दारातल्या निंबाकडे पाहा. पानं गळतात, पुन्हा येतात. देवाने निसर्गात पुनरुत्थान लिहूनच ठेवलंय." बोलणाऱ्याचं मन चांगलं होतं. मी "हो भाऊजी" म्हटलं आणि फोन ठेवला. पण खिडकीतून समोर तो निंब दिसत होता, नवी पालवी घेऊन ऐटीत उभा, आणि मला त्याचा राग आला. घरातलं माणूस गेलं आणि ह्याला फुटवे कसले फुटतात, असं वाटलं. झाडाचा राग येतो का कधी? मला आला.

तो राग ओसरल्यावर मी त्या वाक्याचा पुष्कळ विचार केला. शिक्षकी पेशा असा आहे की चुकीचं उदाहरण दिलेलं सहन होत नाही, मग ते सांत्वनाचं का असेना. निंब मेलेला नव्हताच. आबांनी सांगितलं तसा तो पानं टाकत होता एवढंच. आणि जे पान गळून मी केरात भरलं ते पुन्हा आलं नाही. आलं ते दुसरंच. मला दुसरं कुणी नको होतं. आपला विश्वास काय सांगतो? जो गेला तोच उठला. कबरेशी मग्दालीया मरीयेला त्याने नावाने हाक मारली आणि तेव्हा तिने ओळखलं, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पालवीला नाव नसतं. तेव्हा वसंतातली पालवी म्हणजे पुनरुत्थानाचा पुरावा, हे मला पटत नाही. उपदेशात ते फार सोपेपणाने सांगितलं जातं, आणि ज्याला काही गमवावं लागलेलं नाही त्यालाच ते पटतं असं माझं मत झालं आहे.

मग वसंतात आपल्यासाठी काहीच नाही का? आहे. पण ते आपल्या वसंतात पाहायला हवं, परक्या नव्हे.

काही वर्षांपूर्वी ईस्टरच्या पहाटे एका तरुण पाळकांनी उपदेश केला. (नाव सांगत नाही, आता ते दुसरीकडे असतात.) हिवाळ्याचं बर्फ वितळतं, मेलेली जमीन हिरवी होते, वगैरे. बहुधा इंग्रजी पुस्तकातून घेतलं असावं. बाहेर एप्रिलचं ऊन चढत होतं, आणि आमच्याकडे जमीन हिरवी होण्याऐवजी भेगाळायला लागली होती. हरभरा, गहू काढून झालेले. विहिरी खाली चाललेल्या. ईस्टरच्या भेटकार्डांवरही तीच पिवळी विलायती फुलं आणि कोंबडीची पिल्लं. मला म्हणायचंय ते हे, की तिकडे वसंत बर्फानंतर येतो. खुद्द प्रभूच्या देशात तो हिवाळी पावसानंतर येतो. वल्हांडणाचा सण तिथे जवाच्या कापणीच्या दिवसांत येतो, म्हणजे जमीन पाणी पिऊन तृप्त झालेली असते. आणि आपल्याकडे? शेवटचा नीट पाऊस पडून पाच महिने झालेले असतात आणि पुढचा यायला अजून दोन-अडीच महिने असतात. नेमक्या त्या वेळी निंब फुटतो, पिंपळ फुटतो. बुलढाण्याहून खामगावला बोथ्याच्या घाटातून जा, ज्ञानगंगा अभयारण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पाहा. अंगावर एक पान नाही आणि झाड भगवं-लाल झालेलं.

माझी भाची कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिला विचारलं, पाणी नसताना हे होतं कसं? तिने सांगितलं की शास्त्रज्ञांनाही हे कोडं वाटलं होतं. एलिअट, बेकर आणि बोर्खर्ट ह्या तिघांचा २००६ सालचा एक लेख आहे, थायलंड आणि भारतातल्या पानगळीच्या जंगलांवर. ही झाडं पहिल्या पावसाच्या महिना-दोन महिने आधी, सगळ्यात कोरड्या आणि तापलेल्या दिवसांत पालवी काढतात. खोल जमिनीत साठलेल्या ओलीवर ती जगतात, जुनी पानं टाकून पाण्याचा खर्च वाचवतात, आणि फुटायची वेळ त्यांना दिवसाच्या लांबीवरून कळते. दिवस थोडा थोडा मोठा होत जातो, तेवढ्या खुणेवर. पाऊस आला की भरल्या पानांनी त्याचा पुरेपूर फायदा घेता येतो. आकाशात ढगाचा ठिपका नसताना केलेली ही तयारी.

हे ऐकून मला एक जुनी गोष्ट आठवली. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आपण लेंट म्हणून पाळतो. इंग्रजीतला तो शब्द वसंताच्या जुन्या इंग्रजी नावावरून आला, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे दिवस लांबत जाण्याचा. म्हणजे आपण आणि निंब एकाच खुणेवर चाललेलो असतो! निंबही त्या दिवसांत टाकायचं ते टाकतो. मंडळी, हे कुणी उपदेशात सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. सांगायला हवं. तिथीचंही तसंच आहे. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर, म्हणजे आपल्या पंचांगाने फाल्गुनातली नाहीतर चैत्रातली पौर्णिमा. २०२४ मध्ये होळीच्या पाठोपाठ ईस्टर आला, २०२५ मध्ये चैत्र पौर्णिमेनंतर. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे फळ्यावर मांडून दाखवायची आणि त्यांना जादू वाटायची.

माझा एक भाचा (वनस्पतिशास्त्रवालीचा भाऊच) फार कडक विचारांचा आहे. तो म्हणतो, "मावशी, झाडाझुडपात देव पाहायला लागलीस तर मूर्तिपूजेला किती वेळ लागतो? आणि वर पाडव्याला डहाळ्या वाटतेस." त्याला मी मत्तयाचा चोविसावा अध्याय काढून दिला. तिथे प्रभू शिष्यांना अंजिराच्या झाडाकडे पाहायला सांगतो. त्याची फांदी कोवळी झाली, पानं आली, की उन्हाळा जवळ आल्याचं तुम्हाला कळतं, तसंच पुढचंही ओळखा, अशा अर्थाचं बोलतो. हे अंजीर आणि आपले वड, पिंपळ, उंबर एकाच वंशातले, शास्त्रात सगळ्यांचं पहिलं नाव फायकस. तेव्हा दारच्या पिंपळाकडे पाहून काही शिकले तर मी शास्त्राबाहेर जात नाही. आणि नीट वाचलं तर ध्यानात येतं की त्या ठिकाणी पानाचा उपयोग सांत्वनासाठी केलेलाच नाही. ते सारं बोलणं संकटांबद्दल आहे. पान ही पुढे येणाऱ्या गोष्टीची खूण आहे, आणि आधी उन्हाळाच यायचा असतो. आमच्याकडचा वैशाख ज्याने काढलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. भाचा म्हणाला, "बघतो वाचून." डहाळ्यांबद्दल पुन्हा बोलला नाही.

शाळेत मी रेव्हरंड टिळक शिकवले आहेत. ना. वा. टिळक, फुलामुलांचे कवी. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण मराठी मातीतलं झाड-फूल-पाखरू त्यांनी सोडलं नाही, उलट प्रभूच्या भक्तीत आणलं. लोक त्यांना गोड निसर्गकवी समजतात. पण 'केवढे हे क्रौर्य' ही कवितासुद्धा त्यांचीच. घायाळ पक्षीण पिलांसाठी चारा घेऊन कशीबशी घरट्याशी पोचते आणि प्राण सोडते. ती शिकवताना वर्गात दर वर्षी एक-दोन मुली रडायच्या. दुसरी पक्षीण येईल, पिलं मोठी होतील, असं तिथे कवी म्हणत नाही. ज्याला फुलं एवढी कळत होती त्याला मरणही कळत होतं.

ज्या बालकवी ठोंबऱ्यांना टिळकांनी घरच्यासारखं सांभाळलं ते १९१८ च्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या जळगावजवळ, भादली स्टेशनाशी रेल्वेखाली गेले. वय सत्तावीस. पुढच्याच वर्षी ९ मे रोजी टिळकही गेले. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं. ते पुढे पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं आणि ज्यांना लिहिता-वाचता लग्नानंतर आलं. 'स्मृतिचित्रे' मी आयुष्यात चार वेळा वाचलं. त्यातला विनोद आधी आवडायचा. चौथ्यांदा २०२१ च्या उन्हाळ्यात वाचलं तेव्हा मला बाईंचा कोरडा उन्हाळा दिसला, आणि बिनपावसाची पालवीही.

त्या वर्षी ईस्टर ४ एप्रिलला होता. एरवी आम्ही सगळी मंडळी पहाटे कब्रस्तानात जमतो, मेणबत्त्या लावतो, फुलं वाहतो, गाणी म्हणतो. त्या वर्षी जमायचं नव्हतं. मुलगा आणि मी, दोघंच गेलो. ह्यांची कबर अजून मातीचीच होती, वरची माती खचलेली. जवळ एक जुना पांढरा चाफा आहे. त्या दिवसांत त्याला पान नसतं. नुसत्या जाड, राखाडी, बोटांसारख्या फांद्या आणि टोकाला फुलं. मुलगा म्हणाला, "आई, प्रार्थना तू कर." मला शब्द सुचेनात. शेवटी एवढंच म्हटलं, की प्रभू, मला आत्ता काही दिसत नाही, पण मी थांबते. ह्या चाफ्यालाही कुठे काही दिसतंय. हे प्रार्थनेत बसतं का मला माहीत नाही. मुलगा आमेन म्हणाला.

नऊ दिवसांनी पाडवा. आदल्या संध्याकाळी कुणीच आलं नाही. दुःखाच्या घरी डहाळी कशी मागायची म्हणून लोक लाजत असणार. समोरच्या वहिनी फाटकापर्यंत आल्या, काहीतरी दुसरंच बोलल्या आणि परत वळल्या. मला ते सहन झालं नाही. मी हात पुरेल तेवढ्या खालच्या फांदीला धरून डहाळ्या मोडल्या, वाकड्यातिकड्या, साली निघालेल्या, आणि "अहो वहिनी, थांबा" म्हणून त्यांच्या मागे गेले. त्या रस्त्यात उभ्या राहिल्या, डहाळी घेतली आणि रडल्या. मग मीही. झाडावरचा माझा राग गेला तो तिथे, रस्त्यात.

जे कुणाच्या घरी भेटायला जातील, फोन करतील, त्यांना माझं सांगणं एवढंच आहे की कृपा करून पालवीचं ते वाक्य म्हणू नका. गप्प बसलेलं बरं. चहा करून दिला तर आणखी बरं. आणि आमच्या पाळकमंडळींना विनंती, की बर्फ आता पुरे. ईस्टरला वेदीवर प्लास्टिकच्या लिलींऐवजी एकदा पळसाची फांदी ठेवून पाहा, नाही मिळाली तर निंबाची, आणि रविवारच्या शाळेतल्या मुलांना विचारा की आत्ता पाऊस नाही, मग हिला पाणी कुठून मिळालं. पुढचा उपदेश मुलंच करतील.

यंदा सहा डहाळ्या गेल्या. एक मी माझ्यासाठी ठेवली, ह्यांच्या फोटोजवळ तांब्यात. सकाळपासून वारा सुटलाय, अंगणभर निंबाची फुलं पडलीत, आणि झाडणारी बाई आज सणाची सुट्टी घेऊन गेली आहे.